आम्ही काठ निंदला

घराशेजारच्या आमच्या कपाशीत सकाळपासून बायका निंदणीला बसल्या आहेत. ओळीनं पाठी दिसतात. मधेच कुणीतरी कुणाची थट्टा करतं, हसणं उठतं आणि विरून जातं. त्या सगळ्याच्या खाली खुरप्याचा चर्र चर्र आवाज सारखा चालू असतो. जन्मभर मी हा आवाज ऐकत आले. पूर्वी तो कानावर पडला की माझे हात शिवशिवायचे. भाजी चुलीवर तशीच टाकून, पदर खोचून मी वावरात उतरायची. आता तो ऐकला की मी घरात येते आणि दार ओढून घेते. घरचे म्हणतात, जिजीला हल्ली ऊन सोसत नाही. म्हणू देत बापडे. उन्हाचं काय घेऊन बसलात, ऊन तर मी जन्मभर खाल्लं.

आमच्या तापीकाठच्या गावात माझी ओळख एकच. जिजीच्या वावरात गवताची काडी सापडायची नाही. सोयरीक जमवायला आलेली माणसंसुद्धा आधी आमचं वावर बघून जायची आणि मग घरी चहाला यायची. हे काही मी माहेराहून शिकून आले नव्हते. सासऱ्यांनी शिकवलं, आणि तेही एक शब्द न बोलता. संध्याकाळी हात मागे बांधून ते वावरातून एक चक्कर मारायचे. कुठे हरळीचा एखादा दोर राहिलेला दिसला की उपटून आणायचे आणि माझ्या जेवणाच्या ताटाशेजारी ठेवायचे. बस. बोलणं नाही की रागावणं नाही. सगळ्यांसमोर ती हरळी ताटाशेजारी पडलेली असायची आणि तिच्याकडे बघत मला जेवण संपवावं लागायचं. पहिल्या दोन पावसाळ्यांत असं चार-पाचदा झालं असेल. मग पुन्हा कधी झालं नाही.

हरळी, लव्हाळा आणि कुंदा. ही तीन नावं आमच्याकडे शिवीसारखी घेतात. त्यातला लव्हाळा तर मोठा लबाड. वरून ओढला की पात हातात येते, आणि खाली त्याची काळी गाठ तशीच राहते. चार दिवसांत पुन्हा हजर. मी त्या गाठीपर्यंत जायची. बोट मातीत खुपसून, अंदाजानं, डोळे मिटून सुद्धा मला ती गाठ सापडायची. बाकीच्या बायका म्हणायच्या, 'जिजीना बोटले डोया शेतस.' मला काय आनंद व्हायचा तेव्हा!

आता सुमनबद्दल. सुमन माझी धाकटी जाऊ. दीर मागेच वारले, मुलगी शिरपूरकडे दिली, आणि सुमन नदीकाठच्या आपल्या वावरात विहिरीशेजारी दोन खोल्या बांधून राहते. हे वावर तिला वाटणीत आलं. खरं सांगायचं तर वाटणीच्या वेळी त्याच वावरावर माझा डोळा होता. काठाची मळीची जमीन ती, दरवर्षी तापी गाळ आणून टाकणार, काही पेरलं तरी कमरेएवढं येणार. चिठ्ठ्या टाकल्या आणि ते धाकट्यांना गेलं. मी तीन दिवस तोंड फुगवून बसले होते. सुमनच्या लक्षात आलं असणारच. पण तिनं पहिल्या वर्षीचं पहिलं डांगर माझ्या ओट्यावर आणून ठेवलं आणि म्हणाली, 'जिजी, पहिलं तुन्हं.' ते खरबूज इतकं गोड होतं की मला स्वतःचीच लाज वाटली.

मी लग्न होऊन आले तेव्हाचा तापीचा काठ आता सांगून कुणाला खरा वाटत नाही. पाण्याजवळ झाऊ होता, त्याला थंडी सरताना बारीक गुलाबी मोहर यायचा. त्याच्या वर निरगुडीची बेटं, हात लागला तरी बोटांना दिवसभर वास राही. मग वाळुंज, करंज, जांभळं, आणि एक सादडा इतका मोठा की त्याच्या बुंध्याच्या सावलीत आम्ही सगळ्या बायका धुण्याची बोचकी ठेवून बसत असू. खाली कसलं कसलं गवत होतं ते मी कधी पाहिलंच नाही. गवताकडे काय पाहायचं?

मग एकेक करत सगळं गेलं. कुणी एकानं तोडलं असं नाही. पाण्याच्या मोटारीला वाट हवी म्हणून थोडं, पाइप उतरवायला थोडं, विटांच्या भट्टीला थोडं. केळी आली तसा प्रत्येकाला काठापर्यंत एकेक ओळ जास्त हवी झाली. आम्हीही दोन ओळी वाढवल्या, उगाच दुसऱ्यांकडे बोट कशाला दाखवू? नदीतली वाळूही गेली. मग नदी काठ खाऊ लागली. दर पावसाळ्यात एक खपली खाली जायची. दुपारच्या शांततेत धप्प असा आवाज यायचा, जणू कुणी भरलेलं पोतं खाली टाकलं. सगळ्यात जास्त खाल्लं ते सुमनचं वावर, कारण नेमकं तिथे नदी वळण घेते.

सुमनची एक रीत आहे. अखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, गावातल्या लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात, आंब्याचा रस होतो. त्या दिवशी सकाळी सुमन विहिरीच्या काठाला पाठ लावून उभी राहते आणि नदीकडे पावलं मोजत जाते. वाटणी झाली तेव्हा दोनशे दहा पावलं होती. मग एकशे नव्वद. मग दीडशे. एका वर्षी मी तिच्याबरोबर होते. ती एकशे बारावर थांबली. तिचा चेहरा जराही बदलला नाही. नुसतं म्हणाली, 'जिजी, विहीर गयी ते मी गऊ.' विहिरीशिवाय त्या जमिनीत काय पिकणार, आणि ती तरी कुठे राहणार? तिथेच वाळलेल्या काठावर बसून मी तिला वचन दिलं. काठ आपण पुन्हा लावू. पूर्वी होता तसा लावू. मी बघते, म्हटलं. माझ्या तोंडी तेव्हा मोठा जोर होता.

आणि खरंच लावला की! बचतगटातल्या बायका जमवल्या, मग त्यांचे नवरे आले, मग पंचायत आली. केळीवाल्यांनी काठाच्या दोन-दोन ओळी सोडल्या. त्यासाठी मी कुणाकुणाच्या ओट्यावर जाऊन किती भांडले ते माझं मला ठाऊक. रोपं आणली धडगावकडून. तिथे रेहमलदादा म्हणून पावरा समाजातला एक माणूस डोंगरातल्या झाडांची रोपवाटिका चालवतो. बुटका, काटक, कानाला सदा मोबाइल. घाटातून जीप भरून तो आला. जीपमध्ये करंज, जांभूळ, उंबर, सादडा, वाळुंजाच्या फांद्या, आणि सगळ्यात खाली ओल्या पोत्यांत गुंडाळलेलं गवत. वाळा, लव्हाळा आणि आणखी काय काय.

गवत बघून आमच्या बायका खो खो हसल्या. 'दादा, गवत लावाले उना का तू आमना गावमा?' एकीनं विचारलं. 'अरे, आठे ये, आम्हीच तुले जीप भरी देतस!' रेहमलदादाही हसला. पण त्यानं ते लावून घेतलं. पाण्यालगत गवत, त्याच्या वर निरगुडी आणि झाऊ, त्याच्या वर झाडं. आम्ही झाडं जीव लावून लावली, आणि गवत लावलं ते पाहुण्याचा मान राखायचा म्हणून.

त्या दिवसांचं काय सांगू! आषाढातलं आभाळ खाली उतरलेलं, उत्तरेला सातपुडा धुऊन काढल्यासारखा निळा, पायांना चिकटणारी काळी माती. प्रत्येकीनं आपापली झाडं वाटून घेतली होती. सुमननं सादड्याचं एक रोप विहिरीच्या अगदी समोर लावलं. पहिल्या उन्हाळ्यात अर्धी रोपं जळाली. मग केळीच्या ठिबकच्या जुन्या नळ्या ओढून आणल्या, कमी पडलं तिथे हंडे वाहिले. बायका आपल्या झाडाची चौकशी अशी करायच्या, जशी बाळंतिणीची करतात. तुझ्या जांभळाला पान आलं का वं? माझ्याला तर आलं दोनदा.

पुढच्या अखाजीला सुमननं पावलं मोजली. एकशे बारा. तिनं पुन्हा विहिरीपर्यंत जाऊन पुन्हा मोजली. एकशे बाराच. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आकडा हलला नव्हता. ती तिथेच मटकन बसली आणि रडली. दीर गेले तेव्हासुद्धा मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. मग डोळे पुसून मला म्हणाली, 'चाल, रस खावाले चाल.' त्या दिवशी मी चार वाट्या रस खाल्ला असेन. तेवढी सुखी मी आयुष्यात फार थोड्या वेळा झाले.

इथे थांबावं असं वाटतं. इथे थांबता आलं असतं तर हे लिहायला मी बसलेच नसते.

दुसऱ्या वर्षीचा पाऊस चांगला झाला, आणि काठावर गवत माजलं. माजलं म्हणजे काय, माझ्या छातीएवढं. लावलेलं होतं ते आलं, न लावलेलं त्याहून जास्त आलं. हरळीनं सगळी उतरण विणून काढली. आमची झाडं त्यात दिसेनाशी झाली. करंज कुठे, जांभूळ कुठे, हात घालून शोधावं लागे. येणारे-जाणारे विचारायचे, 'जिजी, झाडं लायात का चारा लाया?' ते गमतीनं विचारायचे. मला ती हरळी पुन्हा जेवणाच्या ताटाशेजारी ठेवल्यासारखं लागायचं.

त्याच सुमारास रेहमलदादा शिरपूरच्या बाजाराला जाता जाता वाकडी वाट करून काठ पाहायला आला. पाहून खूश झाला. आमच्या ओट्यावर चहा पिताना म्हणाला, 'ताई, गवत मस्त आलंय. त्याला हात लावू नका. झाडांची मुळं अजून लहान आहेत, अजून दोन-तीन पावसाळे काठ गवतच धरील.'

मी ऐकलं. बहिरी नाही मी. त्यानं स्वच्छ मराठीत सांगितलं आणि मी स्वच्छ ऐकलं. आणि मनात काय म्हटलं, तेही आज लिहून टाकते, लाज वाटली तरी. मनात म्हटलं, डोंगरातल्या माणसाला कुठे तणाची चाड असते? यांच्या शेतात पीक कुठलं आणि रान कुठलं ते कळत नाही, आणि हा मला शिकवणार! आमच्याकडे निंदणीला दरवर्षी त्याच डोंगरातल्या बायका जीप भरून येतात. त्यांच्या मागे उभी राहून मी आयुष्यभर सांगत आले, हे राहिलं, ते राहिलं, गाठीपासून काढ. मी त्यांना शिकवणारी. मी होकारार्थी मान हलवली आणि त्याला आणखी अर्धा कप चहा दिला.

कानबाई जवळ आली होती. आमच्या खानदेशात श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघर कानबाई देवी बसते. भाऊबंद वेगळे झालेले असले, एकमेकांशी बोलत नसले, तरी त्या दिवशी एका ठिकाणी बसून कानबाईचा रोट खातात. सोमवारी सकाळी वाजतगाजत कानबाईला डोक्यावर घेऊन नदीवर नेतात. त्या सकाळी सगळं गाव काठावर येणार. आजूबाजूच्या गावच्या पाहुण्या येणार. आणि आमचा काठ असा! माझ्या मनानं घेतलं की घेतलं. शनिवारी आणि रविवारी सकाळी मी चाळीस बायका गोळा केल्या. पैसे नाहीत, काही नाही. कानबाईचं काम म्हणून प्रत्येकजणी आपलं खुरपं घेऊन आली.

तो रविवार मला जसाच्या तसा दिसतो. ओलं ऊन पडलं होतं. वरच्या झाडांपासून सुरुवात करून आम्ही ओळीनं पाण्याकडे उतरत गेलो. कानबाईची गाणी चालू होती. एक बाजू थकली की दुसरी उचलायची. मी सगळ्यांच्या पुढे. हरळीचे दोर एका हिसक्यात हातभर निघत होते, ओली माती सैल होती, मुळासकट सगळं येत होतं. लव्हाळ्याच्या गाठी मी बोटांनी शोधून काढत होते. माझ्या शेजारी सुमन होती. मधेच लहान लहान झाऊची रोपटी, निरगुडीचे फुटवे यायचे, ती कुणी लावली नव्हती, आपली आपण उगवली होती. ओळीत नाहीत म्हणजे तण. तीही गेली. दुपारपर्यंत उपटलेल्या गवताचे भारे बांधून बायकांनी म्हशींना नेले. वाळा तेवढा सुगंधी म्हणून एकदोघींनी माठात टाकायला ठेवून घेतला.

काम झालं आणि आम्ही वर उभ्या राहून खाली पाहिलं. माय वं, काय देखणा दिसत होता काठ! काळी मऊ माती, त्यात प्रत्येक झाड वेगळं, बांबूच्या काठीला बांधलेलं, नाहू-माखू घातलेल्या लेकरासारखं. एकही काडी नाही. सासरे असते तर हात मागे बांधून खालपर्यंत गेले असते आणि रिकाम्या हातानं परत आले असते. सगळ्यांनी वाहवा केली. सरपंचांनी फोटो काढले. सुमन माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, 'जिजी, आते कसं वावर वाटस!'

हो, वावरच वाटत होतं. तेच तर झालं.

सोमवारी कानबाई त्या स्वच्छ काठावरून उतरली. आमच्या पायांखालची माती घसरत होती, दोघी-तिघी पडल्या, हसल्या, उठल्या. त्यानंतर चार दिवसांनी वरच्या धरणाचे दरवाजे उघडले. नदी फुगली. सगळे म्हणतात पुरानं नेलं. पुरानं नाही नेलं. पाणी चढलं, झाडं कमरेपर्यंत बुडाली, दोन दिवस तशीच उभी राहिली. आम्ही वरून बघत होतो आणि शाबासकी देत होतो एकमेकींना. तिसऱ्या दिवशी दरवाजे मिटले आणि पाणी झपाट्यानं उतरलं. पाणी उतरलं आणि त्याच्या मागोमाग काठ उतरला.

दुपारचे बारा-एक झाले असतील. मी आणि सुमन विहिरीजवळ उभ्या होतो. आधी आवाज झाला नाही. वरच्या बाजूला जमिनीत एक बारीक भेग दिसली, दोराएवढी. मग ती भेग रुंदावत गेली आणि पलीकडची सगळी जमीन आपल्या झाडांसकट खाली बसायला लागली. सावकाश. झाडं पडलीसुद्धा नाहीत. बांबूच्या काठ्यांसकट, सुतळीच्या गाठींसकट, उभीच्या उभी खाली जात होती. सुमनचा सादडा शेवटपर्यंत सरळ होता. मग त्याची वरची पानं तेवढी दिसली, आणि मग नुसतं गढूळ पाणी. सगळं होऊन गेल्यावर धप्प आवाज आला. सुमननं माझं मनगट धरलं होतं. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर मनगटावर तिच्या बोटांचे वळ होते.

तिथून अर्धा कोस खाली एका चिंचोळ्या पट्ट्यात निंदणी झाली नव्हती. रविवारी उशीर झाला, बायकांना रोट करायला घरी जायचं होतं, म्हणून तेवढा सोडला. तो पट्टा आहे. त्याच पाण्यात बुडाला, त्याच पाण्यातून निघाला, गवत आडवं झालं आणि आठवड्यात पुन्हा उभं राहिलं. मी तिकडे एकदाच गेले. गवतात हात घालून करंज शोधलं. ते होतं. मी परत आले आणि अंगात कणकण आहे म्हणून दोन दिवस पडून राहिले.

रेहमलदादा आला. मला वाटलं ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. तुटलेल्या कडेवर उभा राहून त्यानं खाली पाहिलं, मग उरलेल्या वरच्या जमिनीकडे पाहिलं. तिथे निंदलेली माती उन्हात तडकली होती, आणि खुरप्यांच्या खुणा अजून तशाच होत्या. त्यानं वाकून एक ढेकूळ उचललं, फोडलं आणि टाकून दिलं. मग मोबाइल खिशात घातला आणि मला विचारलं, 'ताई, माझी रोपांची खोकी आहेत का तुमच्याकडे? दुसऱ्या गावाला रोपं द्यायची आहेत.' खोकी गोठ्यात होती. मी काढून दिली. चहा घेतला नाही त्यानं. जीप निघून गेली तरी मी गोठ्यातच उभी होते.

गावात मला कुणी एक शब्द बोललं नाही. उलट माझी समजूत घालतात. जिजी, तू किती केलंस, नदीपुढे कुणाचं चालतं? मी ऐकून घेते. पंचायतीत नव्यानं लावायची गोष्ट निघाली तेव्हा लोक म्हणाले, आता कशाला, लावून बघितलं ना? नदी राहू देत नाही. म्हणजे मी नुसता एक काठ घालवला नाही, पुन्हा लावायची इच्छाही घालवली. केळीवाल्यांनी सोडलेल्या ओळी परत घेतल्या. त्यांना मी कुठल्या तोंडानं अडवू? चूक झाली असं उभं राहून सांगावं, असं दर सभेला ठरवते. आणि दर सभेतून न सांगताच उठून घरी येते. सांगितलं तर काय होईल? काहीच होणार नाही. हसतील. म्हणतील, निंदणीनं कधी कुणाचं नुकसान झालंय का, जिजी?

आळसानं नुकसान केलं असतं तर एक वेळ मनाला समजावलं असतं. पण मी तर माझं सगळ्यात चांगलं काम केलं हो. ज्या कामासाठी गाव मला ओळखतं, जे करताना माझ्यासारखी कुणी नाही, ते केलं. अख्खा उन्हाळा हंडे वाहिले त्याच हातांनी केलं. रात्री हात उशाशी घेऊन झोपते तेव्हा वाटतं, यांना आता दुसरं काय शिकवणार? या वयात?

या अखाजीला सुमननं पावलं मोजली. अठ्ठेचाळीस. नंतर ती रस खायला आली, नेहमीसारखी. मुलगी म्हणते, शिरपूरला ये. सुमन म्हणते, येईन, विहीर आहे तोवर राहू दे.

काल दुपारी माझ्यानं राहवलं नाही. म्हटलं, गावाला नाही तर नाही, निदान तिला तरी सांगायचं. मी सुमनच्या वावरात गेले. ती कडेपासून हातभर आत बसली होती, मी शेजारी बसले. खाली तापी जाड, तांबूस, काही न झाल्यासारखी. मागे केळीच्या पानांची सळसळ. तुटलेल्या कडेला, अगदी टोकावर, या पावसात थोडं काहीतरी हिरवं उगवलं होतं. लव्हाळ्याचे दोन-तीन झुबके आणि त्यांच्यामध्ये बोटभर झाऊ. कुणी लावला नव्हता. तो पाहून मला इतकं भरून आलं की मी बोलायला सुरुवात केली.

'सुमन, पूर नव्हता तो. मन्हीच चूक शे.'

ती नदीकडेच बघत होती. 'माले मालूम शे,' म्हणाली.

'कवयपाईन?' कधीपासून ठाऊक होतं तिला?

'तठलं, खालना पट्टातलं गवत देखं तवयपाईन.'

'मंग बोलनी का बरं नही?'

'काय बोलू, जिजी? तुन्हा बाजूले मी बी निंदतच व्हतू.'

मग मी बोलतच गेले. सासऱ्यांचं ताट, रेहमलदादाचा चहा, डोंगरातल्या माणसांबद्दल मनात आलेलं ते, वाटणीच्या वेळचा माझा रुसवासुद्धा. इतक्या वर्षांचं साचलेलं सगळं बाहेर पडत होतं आणि हलकं वाटत होतं. सुमन ऐकत होती. मधेच तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि खाली पाहिलं.

'जिजी,' ती हळूच म्हणाली. 'हात.'

मी माझ्या हाताकडे पाहिलं. बोटं मातीनं भरली होती. मुठीत लव्हाळा होता, मुळासकट, काळ्या गाठीसकट. आणि त्याच्याबरोबर झाऊ. समोरची कड स्वच्छ होती.

मी कधी उपटलं, मला माहीत नाही. देवाशपथ माहीत नाही.

सुमननं माझी बोटं एकेक करून उघडली. तो झाऊ घेतला, बोटानं मातीत खड्डा केला, त्यात उभा केला आणि भोवती दाबलं. त्याचं मूळ मधेच तुटलेलं होतं, ते आम्हा दोघींनाही दिसत होतं.

'लागी का वं?' मी विचारलं.

'नही,' सुमन म्हणाली. मग हात झटकत उठली आणि मला उठवायला तोच हात पुढे केला. 'चाल, ऊठ. सकायले तुन्ही कपाशी निंदानी शे ना? मी बी येस.'